काश्काच्या कानातला आकडा

“अकमूर! ए अकमूर! पळ लवकर! काश्काला दोरी लावली त्यांनी!”

अकमूरच्या हातातला धोंडा धपकन ओढ्यात पडला आणि समोर उभ्या असलेल्या आर्गेनच्या तोंडावर गार पाणी उडालं. सकाळपासून दोघं ओढ्याला बांध घालत होती. आर्गेन म्हणजे अकमूरचा मावसभाऊ. शाळेला सुट्टी लागली की बिश्केक शहरातून वर कुरणावर यायचा, आणि आल्या दिवसापासून त्याच्या डोक्यात नुसत्या योजना. आजची योजना तळं करून त्यात मासे पाळायची होती.

“कोणी लावली दोरी?” अकमूर ओरडली.

“तुरात बैकेंनी!” तिचा धाकटा भाऊ तिलेक धापा टाकत उतारावरून घसरतच आला. “म्हणतात काश्का आजारी आहे. आणि म्हणतात अपानं... आपल्या आईनं लबाडी केली!”

मासे राहिले बाजूला. तिघंही वर पळत सुटली.

तंबूसमोर ही गर्दी! उद्या शबदान बैकेंच्या नातवाला पाळण्यात घालायची मेजवानी होती, म्हणून साऱ्या तोरसाय कुरणातली माणसं आधीच इकडे जमलेली. मधोमध त्यांची गाय काश्का उभी होती, गळ्यात परकी दोरी. कपाळावर पांढरा ठिपका, ओलं नाक आणि ‘हे काय चाललंय बाई’ असे डोळे. तिच्या शेजारी अकमूरची आई, रिकामी चरवी हातात धरून. आणि घोड्यावर बसलेले तुरात बैके, म्हणजे तुरातदादा, तालुक्याचे जनावरांचे इन्स्पेक्टर.

“हे बघ गुलायिम,” तुरात बैके सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते. “मागच्या आठवड्यात आम्ही सगळ्या गायींचं रक्त नेलं. शहरातून निरोप आलाय, एका गायीला ब्रुसेला आहे. तिचा नंबर ३१६ ४१९ ४३५. बरोबर? आता तुझ्या गायीच्या कानातला बिल्ला वाच. ३१६ ४१० ४३५. सगळं तंतोतंत तेच, एक अंक सोडून! नऊच्या जागी शून्य. नऊची शेपटी खरवडली की काय उरतं? शून्य उरतं!”

“अहो, ती कान घासते खुंट्याला,” आई म्हणाली. “लहानपणापासूनची खोड आहे तिची. म्हणून ओरखडे पडलेत. मी कशाला खरवडू?”

“गाय वाचवायला! दुसरं काय!”

गर्दीत कुजबुज झाली. अकमूरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिची आई! जी शेजाऱ्याची मेंढी चुकून आपल्या कळपात आली तर पावसात भिजत परत पोचवून यायची, ती लबाड?

“आणि तुमचाच नंबर चुकला असेल तर?” अकमूर आईच्या पुढे येऊन उभी राहिली.

तुरात बैके हसले. हसले म्हणजे कसे, मिशीतल्या मिशीत, माशी उडवल्यासारखे. “माझा नंबर? पोरी, बेरीज येते ना? कर बघू. तीन, एक, सहा, चार, एक, नऊ, चार, तीन, पाच. किती?”

“छत्तीस,” अकमूर दात आवळून म्हणाली.

“नऊ चोक छत्तीस! तोरसायचा प्रत्येक बिल्ला नऊच्या पाढ्यातला असतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. नंबर चुकला असता तर नऊनं लगेच पकडला असता. नऊ कधी खोटं बोलत नाही!”

“खरंय, खरंय,” म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. झालं! तोरसायमध्ये नऊचं नाव काढलं की पुढे कोणी बोलतच नाही. आहेर द्यायचा तर नऊ वस्तूंचा, दंड भरायचा तर नऊचा, आणि खेळायचं तर नऊ खळग्यांत नऊ-नऊ खडे घेऊन. बिल्ले आले तेव्हासुद्धा म्हाताऱ्यांनी हट्ट धरला होता, आमच्या जनावरांना नऊचेच आकडे पाहिजेत.

“पण काश्काच्या नंबरची बेरीज पण सत्तावीस आहे!” तिलेक मध्येच ओरडला. “तो पण नऊचाच!”

“असणारच,” तुरात बैके म्हणाले. “नऊचं शून्य केलं की बेरीज नऊनं कमी होते. तुमची आई हुशार आहे, मी कुठे नाही म्हणतोय?”

लोक हसले. लोक हसले, हे अकमूरला सगळ्यात जास्त लागलं.

“उद्या मेजवानी झाली की ट्रक येईल,” तुरात बैकेंनी घोडा वळवला. “गाय जाईल कत्तलखान्यात. तोवर तिच्या दुधाला कोणी हात लावायचा नाही. आणि गुलायिम, बिल्ल्याशी छेडछाड केल्याबद्दल जे काय व्हायचं ते तालुक्याला होईल.”

एवढं बोलून माणूस थांबला असता तर गोष्ट वेगळी. पण हा बाबा तिथून निघाला तो एकेका तंबूपुढे घोडा थांबवत, “गुलायिमच्या घरचं काही खाऊ नका बरं का!” असं हाका मारून सांगत गेला. शेजारच्या एजेनं, थोरल्या ताईनं, सकाळीच काश्काची साय वाटीभर नेली होती. ती वाटी तिनं आणून दारात ठेवली. आई त्या वाटीकडे बघत राहिली.

* * *

“मला त्याच्या घोड्याचं खोगीर सोडून टाकायचंय,” तिलेक म्हणाला. तिघं तंबूच्या मागे शेणी रचून ठेवल्या होत्या तिथे बसली होती. “धपकन पडेल!”

“त्यानं काश्का सुटणार आहे का?” अकमूर डाफरली.

“नाही, पण मला बरं वाटेल.”

“गप्प बसा रे,” आर्गेन फोनवर बोटं आपटत होता. कुरणावर फोनला रेंज नाही, पण कॅल्क्युलेटर चालायचा. “काश्काचा नंबर भागिले नऊ... पूर्ण भाग जातो. बैकेंचा नंबर भागिले नऊ... हाही पूर्ण जातो. छे! दोन्ही खरे कसे असतील?”

“दोन्ही खरे नाहीत. आपला खरा आहे.”

“अगं मला माहितीये! पण ‘माहितीये’ म्हणून चालतं का? तुरात बैकेंना पण त्यांचं माहितीये!”

अकमूर उठली. तिला बसवेना. तिनं हातातल्या काडीनं जमिनीवर काश्काचा नंबर लिहिला, भला मोठा, एकेक अंक वीतभर. ३ १ ६ ४ १ ० ४ ३ ५. त्याच्याकडे बघता बघता तिला वाटलं, ही आपली मेंढरंच चाललीत रांगेनं. आणि तिनं सवयीनं मेंढरांसारखंच मोजायला घेतलं.

कुरणावर मेंढरं मोजायची रीत अशी, की दोन दगडांच्या मधून कळप सोडायचा. एक माणूस डावीकडे, एक उजवीकडे. पहिलं मेंढरू डाव्याचं, दुसरं उजव्याचं, तिसरं डाव्याचं. शेवटी दोघांनी आपापला आकडा ओरडून सांगायचा. जास्तीत जास्त एकाचा फरक. त्याहून जास्त आला, तर कोणीतरी पेंगत होतं!

“तिलेक, तू उजवीकडे हो. पहिला माझा. तीन!”

“एक!” तिलेकनं लगेच उजवीकडे उडी मारली. खेळ म्हटला की तो कुठेही तयार.

“सहा! म्हणजे नऊ झाले.”

“चार! पाच झाले!”

असं करत शेवटाला आले. “माझे एकोणीस,” अकमूर म्हणाली.

“माझे आठ. तू जिंकलीस. अकरानं.”

“आता आपल्या तांबडीचा नंबर घे.” तांबडी म्हणजे त्यांची दुसरी गाय. ३१६४११०२९. पुन्हा डावा-उजवा. अकमूर एकोणीस, तिलेक आठ.

“परत अकरा!” तिलेक वैतागला. “मी डावीकडे येणार आता!”

“थांब!” आर्गेननं फोन खाली ठेवला. “परत अकरा? बैकेंचा नंबर घ्या बघू.”

३ १ ६ ४ १ ९ ४ ३ ५. डावीकडे एकोणीस. उजवीकडे सतरा. फरक दोन.

“योगायोग असेल,” आर्गेन म्हणाला, पण त्याचा आवाज चढला होता. “दोनच गायी बघितल्यात. अजून बघायला पाहिजेत.”

“मग चला की!”

पुढचा तासभर तोरसायच्या गायींना या तिघांनी जीव नकोसा केला. बिल्ला वाचायचा म्हणजे गायीच्या कानाशी जायचं, आणि गायीला वाटायचं हे मीठ द्यायला आलेत. एकीनं आर्गेनची बाही चघळली. तिलेक अंक ओरडायचा, अकमूर डावे धरायची, आर्गेन उजवे. अकरा! शून्य! शून्य! अकरा! मध्ये मध्ये पंचवीस नाही, सात नाही, दुसरं काही म्हणून नाही.

“आता तो बैल,” अकमूर म्हणाली.

जुमाकादिर अक्साकालांचा काळा बैल झुडपाशी उभा होता. जुमाकादिर म्हणजे कुरणावरचे सगळ्यात वडीलधारे, आणि त्यांचा बैल म्हणजे कुरणावरचा सगळ्यात तिरसट.

“मी शहरातला आहे,” आर्गेन घाईघाईनं म्हणाला. “मला बैलांचं काही कळत नाही.”

“काल तर म्हणत होतास, मी घोड्यांचा पण मास्तर!”

“घोडा वेगळा! घोड्याला शिंगं नसतात!”

तेवढ्यात तिलेक सरळ पोटावर रांगत बैलाच्या पुढ्यात गेलासुद्धा. “तीन एक सहा... चार एक सहा... पाच सात तीन! आईऽऽ!” बैलानं फुस्स केलं आणि तिलेक सशासारखा उडाला. चौखूर पळत तिघं ओढा ओलांडून पलीकडे पडली आणि हसत सुटली. हसता हसताच अकमूरनं बेरीज केली. “माझे अठरा, तुझे?”

“अठरा. शून्य!” आर्गेन उठून बसला. हसू गेलं होतं. “अकमूर, कळलं मला! डाव्या-उजव्याचा फरक शून्य किंवा अकरा आला म्हणजे त्या आकड्याला अकरानं भाग जातो. शाळेत शिकवलं होतं, मी तेव्हा खिडकीतून बघत होतो. हे बघ, काश्काचा भागिले अकरा, २८७६४५८५. पूर्ण! आणि बैकेंचा... २८७६५४०३ आणि पुढे शेपूट. भाग जात नाही!”

“म्हणजे तोरसायचे बिल्ले नऊचे तर आहेतच, अकराचे पण आहेत,” अकमूर सावकाश म्हणाली. “आणि बैकेंचा नंबर अकराचा नाही. म्हणजे तसा बिल्ला कधी निघालाच नाही! काश्काच्या कानात कधी नऊ नव्हताच!”

ती उठून उभी राहिली. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तो माणूस नसलेला नंबर घेऊन आला, आणि सगळ्या कुरणाला ओरडून सांगत सुटला की माझी आई लबाड आहे!

“पण मग खरा नंबर कुठला?” तिलेकनं विचारलं. “कुठली तरी गाय आजारी आहे ना?”

हे अकमूरच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच की! आजारी गाय आत्ता कुठेतरी चरतेय. तिचं दूध कोणीतरी काढतंय. कोणीतरी पितंय.

“नऊला फसवणारी चूक कुठली?” आर्गेन पुटपुटला. “अंक बदलला तर बहुतेक वेळा नऊ पकडतं.”

“अंक तेच राहिले आणि जागा बदलल्या तर?” अकमूर म्हणाली. “मेंढरं तीच, नुसती रांगेत पुढे-मागे झाली. एकूण तेवढीच भरतील. पण डावं मेंढरू उजव्याच्या वाट्याला जाईल!”

“अगं, तू शहरात ये! आमच्या सरांना शिकव!”

“बडबड नको. शेजारचे दोन-दोन अंक उलटे करून बघू.”

ओढ्याकाठच्या वाळूत त्यांनी बैकेंचा नंबर पुन्हा लिहिला. पहिली जोडी उलटी केली, जमेना. दुसरी, तिसरी, चौथी... एकही अकरात बसेना. शेवटून दुसरी जोडी आली, ४ आणि ३. उलटी केली. ३१६४१९३४५. डावीकडे अठरा. उजवीकडे अठरा.

शून्य!

शेवटची जोडीही करून बघितली. नाही. अख्ख्या आकड्यात ही एकच जागा होती.

“आपण बघितलेल्यांत ही गाय नव्हती,” अकमूर म्हणाली. “मग कोणाच्या गायी राहिल्या?”

तिघांनीही एकदम मान वर करून टेकाडाकडे बघितलं. तिथे सगळ्यात मोठा, सगळ्यात पांढरा तंबू होता. शबदान बैकेंचा. उद्याच्या मेजवानीचा. आणि त्याच तंबूत तुरात बैके तीन दिवस पाहुणे म्हणून उतरले होते.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मीरिम गायींची धार काढत होती. मीरिम म्हणजे शबदान बैकेंची मुलगी, अकमूरच्याच वर्गातली. ही तिघं येताना दिसली तशी ती म्हणाली, “पप्पा म्हणाले तुमच्याकडच्या कोणाला दुधाजवळ येऊ द्यायचं नाही.”

“आम्हाला दूध नकोय,” अकमूर म्हणाली. “तुरात बैकेंनी तुमच्या गायींचे बिल्ले बघितले का? खरं सांग.”

मीरिमनं खाली बघितलं. “पप्पांनी ‘बघता का’ विचारलं तेव्हा तुरात बैके म्हणाले, तुमच्याकडे कशाला बघायचं? मग घोडीच्या दुधाचं कुमीस पीत बसले.”

“ऐकलंस?” आर्गेन भडकला. “आमच्या गायीचा कान पिरगाळून बघितला, आणि इथे कुमीस!”

“मीरिम, एक नंबर शोधतोय आम्ही,” अकमूर म्हणाली. “शेवटी तीनशे पंचेचाळीस.”

मीरिमचा धार काढणारा हात थांबला. तिला बिल्ला वाचायची गरजच नव्हती. तिनं समोरच्या गायीच्या मानेवर हात ठेवला. पट्ट्यापट्ट्यांची, शांत गाय होती. “ही आहे. माझी चिबार. का?”

अकमूरनं सगळं सांगितलं. डावं, उजवं, अकरा, सगळं. मीरिम आधी चिडली, “खोटं!” म्हणाली, मग स्वतः चिबारच्या कानाशी जाऊन दोनदा मोजून आली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“वसंतात तिचं वासरू गेलं,” ती हळूच म्हणाली. “दिवस भरायच्या आधीच. पप्पा म्हणाले, होतं असं कधीकधी.”

गुराख्यांच्या पोरांना सांगावं लागत नाही. ब्रुसेला झालेली गाय गाभडते. तिचं कच्चं दूध पोटात गेलं की माणसाला ताप येतो, सांधे धरतात, महिनोन्‌महिने उठवत नाही. आणि तंबूत दुधातून साय वेगळी काढायची यंत्रं घरघरत होती. मेजवानीची साय, कच्च्या दुधाची, लहान पोरं ब्रेडला थापून थापून खातात ती!

“आज चिबारचं दूध कशात आहे?” अकमूरनं विचारलं.

“सगळ्यात. एकत्रच ओततो आम्ही.” मीरिमनं मोठ्या बादलीकडे बघितलं. मग तिनं काय करावं? उठली, आणि बादलीला अशी लाथ हाणली की दूध उतारावरून फेसाळत गेलं.

“मीरिम!” तंबूतून शबदान बैके धावत आले. “वेड लागलं का तुला? पाहुणे यायला लागले!”

“पप्पा, साय कोणाला देऊ नका! आजारी गाय आपली आहे!”

* * *

मग जो गोंधळ उडाला, तो काय सांगावा! शबदान बैके तांबडेलाल. बायका यंत्रं थांबवून बाहेर. तुरात बैके हात पुसत आले आणि सगळं ऐकून पुन्हा तेच मिशीतलं हसू हसले.

“म्हणजे आईची लबाडी झाकायला आता यजमानांची गाय! शाब्बास!”

“निरोप पुन्हा बघा ना एकदा,” आर्गेन म्हणाला. “तुमच्या फोनमध्ये असेल.”

“फोनची बॅटरी संपलीये दोन दिवस. नंबर माझ्या डोक्यात आहे. आणि डोक्यातल्याचा पडताळा मी नऊनं घेतलाय.”

“डोक्यात!” अकमूर किंचाळलीच. “तुम्ही डोक्यातल्या नंबरावर माझ्या आईला लबाड म्हणालात?”

“पोरी, मोठ्यांशी बोलताना—”

“बोलू दे तिला.” हा आवाज जुमाकादिर अक्साकालांचा होता. ते उंच पांढरी टोपी सावरत गर्दीतून पुढे आले. “बोल पोरी. पण रडून नको, दाखवून दे.”

अकमूरनं बाहीनं नाक पुसलं. “दाखवते! अक्साकाल, तुम्ही कुठल्याही जनावराच्या बिल्ल्यावरचा नंबर मोठ्यानं म्हणा. वाटलं तर खरा म्हणा, वाटलं तर शेजारचे दोन अंक उलटे करून म्हणा. मी न बघता सांगेन खरा की खोटा. आणि तुरात बैके त्यांच्या नऊनं सांगू देत.”

“हां! हे झकास!” लोक गोल करून बसले. पाळण्यातलं बाळ बाजूलाच राहिलं, ही मेजवानी जास्त रंगली.

अक्साकालांनी डोळे मिटून आपल्या बैलाचा नंबर म्हटला. “३१६ ४१६ ५७३.”

“बरोबर आहे,” तुरात बैके.

“बरोबर आहे,” अकमूर.

“दोघंही पास. आता हा, माझ्या गायीचा. ३१६ ४१२ १७२.”

तुरात बैकेंनी बोटांवर बेरीज केली. “सत्तावीस. बरोबर!”

अकमूरचे ओठ हलले. डावीकडे तेरा, उजवीकडे चौदा. “खोटा!”

“खोटाच आहे,” अक्साकाल म्हणाले आणि डोळे उघडले. “सातशे बाराचे मी एकशे बहात्तर केले.”

“ओऽऽ!” गर्दीनं आवाज काढला. कोणीतरी शीळ घातली.

“अंदाजानं लागलं!” तुरात बैके आता हसत नव्हते. “मी म्हणतो एक. ३१६ ४११ २०९!”

“खोटा! डावीकडे एकवीस, उजवीकडे सहा. आणि त्याची बेरीज सत्तावीस आहे बैके, तुमच्या नऊला विचारा. नऊ म्हणेल खरा!” अकमूर एक पाऊल पुढे आली. “आमच्या तांबडीचा नंबर उलटा केलात ना? काल बघितलात तेव्हाचा. तिचे दोन आणि शून्य फिरवलेत. नऊ खोटं बोलत नाही, पण नऊला जागा दिसत नाही! त्याला नुसती बेरीज दिसते. तुम्ही अंक पुढे-मागे केलेत, आणि नऊच्या आड लपलात!”

आणि मग मागून अकमूरच्या आईचा आवाज आला, शांत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. “शबदान बैके, तुमच्या गाडीच्या बॅटरीला फोन लावता येतो ना? लावा की. सगळेच बघू.”

आता नाही कोण म्हणणार? फोन लावला. पंधरा माणसं त्या एवढ्याशा फोनवर वाकून उभी. पडदा उजळला. आर्गेननं निरोप उघडून मोठ्यानं वाचला.

“३१६... ४१९...” तो थांबला. मुद्दामच थांबला, नाटकी कुठला! “...३४५.”

शबदान बैके मटकन खाली बसले. त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी वसंतापासून तेच दूध प्यायलं होतं.

जुमाकादिर अक्साकाल मात्र कपाळावर हात मारून घेत होते. “माझीच मती गेली! बिल्ले आणायला मीच गेलो होतो शहरात. म्हटलं, आम्हाला सगळे नऊचे आकडे द्या. तिथली बाई हसली. म्हणाली, आजोबा, नऊ तुमच्या मानासाठी, आणि अकरा मी माझ्याकडून घालते, चुका पकडायला. सगळे नव्याण्णवच्या पाढ्यात बसवते. मला वाटलं, थट्टा करतेय! नऊ तेवढं लक्षात ठेवलं आणि अकरा विसरून गेलो. आणि हा शिकलेला माणूस, यानं तर विचारलंसुद्धा नाही!”

तुरात बैकेंनी घसा खाकरला. आईच्या जवळ आले आणि अगदी हळू, शर्टाच्या कॉलरीत बोलल्यासारखं म्हणाले, “गुलायिम, थोडी चूक झाली.”

“ऐकू नाही आलं,” अकमूर म्हणाली.

“अकमूर!” आई दटावायला गेली.

“नाही अपा! काल लबाड म्हणताना कसा आवाज होता? एकेका तंबूपुढे थांबून सांगितलं यांनी! मग चूक कॉलरीत का सांगायची?”

तिलेक तोवर तुरात बैकेंचा घोडा सोडून घेऊन आलासुद्धा. खोगीर जाग्यावर होतं, हे मुद्दाम सांगायला पाहिजे. “बसा बैके,” तो म्हणाला. “पहिला तंबू कुठला घेताय?”

अक्साकालांनी काठी आपटली. “पोरांचं बरोबर आहे. जा तुरात. कालच्याच आवाजात सांग. आणि ट्रकवाल्याला सांग, गाय इथून न्यायची. मग शहरातून डॉक्टर बोलाव, शबदानच्या घरच्यांचं रक्त तपासायला. आणि सगळ्यांनी ऐका, दूध उकळल्याशिवाय कोणाच्या तोंडाला लागायचं नाही!”

तुरात बैके गेले. जाताना एकेका तंबूशी त्यांचा आवाज ऐकू येत होता. “गुलायिमची गाय निरोगी आहे! चूक माझी होती!” पहिल्या तंबूशी बारीक, पण पुढे पुढे चांगला खणखणीत. कारण मागे आर्गेन चालत होता आणि दर वेळी म्हणत होता, “अजून थोडं मोठ्यानं, बैके!”

संध्याकाळी शेजारची एजे स्वतः वाटी घेऊन आली. बराच वेळ दारात घुटमळली, मग म्हणाली, “साय उरलीये का ग? उकळून घेईन हो.” आईनं तिला आत घेतलं. आईच्या जागी अकमूर असती तर तिनं घेतलं नसतं.

मेजवानीत अक्साकालांनी हात उंचावून पोरांना आशीर्वाद दिला. म्हणाले, “आम्ही आयुष्यभर एका बाजूनं मोजत आलो. या पोरांनी दोन्ही बाजूंनी मोजलं, म्हणून आज आमची नातवंडं वाचली. यांची जीभ तिखट आहे, असू दे तिखट!” आशीर्वाद पोचला म्हणून सगळ्यांनी रीतीप्रमाणे तोंडावरून हात फिरवले. आर्गेननं मान झुकवून झुकवून कौतुक घेतलं, तिलेकनं तर दोन वेळा.

अकमूर तिथे नव्हतीच. ती टेकाडाखाली मीरिमशेजारी बसली होती. ट्रक चिबारला घेऊन वळणावर चालला होता. मीरिमनं तिच्या कानातला पिवळा बिल्ला एकदा पुसून दिला होता, उगाचच, स्वच्छ दिसावा म्हणून.

“तू सांगितलं नसतंस तर कोणाला कळलंही नसतं,” अकमूर म्हणाली.

“मला कळलं असतं,” मीरिम म्हणाली.

ट्रक दिसेनासा झाला. तरी दोघी बराच वेळ तिथेच बसून राहिल्या.